इशारा केंद्राचा, जमीन राज्याची. मग जबाबदारी कुणाची?

३० जुलै २०२४ च्या पहाटे केरळच्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांवर दरड कोसळली. दोनशेहून अधिक माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी, चिखलातून मृतदेह काढणे चालू असताना, केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी राज्यसभेत सांगितले की केरळला २३ जुलैपासून आगाऊ इशारे दिले होते. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी लगेच उत्तर दिले: दुर्घटनेआधी ऑरेंज अलर्टच होता, रेड अलर्ट आला तो दरड कोसळून गेल्यावर. अंदाज ११५ ते २०४ मिलिमीटरचा होता आणि ४८ तासांत पडला ५७२ मिलिमीटर.

खोटे कोण बोलले, यावर टीव्हीवर भांडणे झाली. माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. ऑरेंज असो की रेड, तो इशारा आल्यावर त्या उतारावरची घरे रिकामी करायची हे कुणी ठरवायचे होते?

आपल्या संविधानाची सातवी अनुसूची काढून पाहा. हवामान संस्था आणि भूशास्त्रीय सर्वेक्षण केंद्रसूचीत आहेत, ६८ व्या नोंदीत. जमीन आणि ग्रामपंचायती राज्यसूचीत. वने १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर दोघांच्या सामाईक सूचीत. ‘पर्यावरण’ अशी स्वतंत्र नोंद कुठेच नाही. म्हणजे ढग केंद्राचे आणि डोंगर राज्याचा. ढग डोंगरावर फुटला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे सर्व्हर बिघडला की रात्री दोन वाजता अलर्ट येतो आणि तो एका ठरलेल्या माणसाच्या फोनवर येतो. त्याने उचलला नाही तर पुढच्याच्या फोनवर जातो. ज्या अलर्टला मालक नाही, त्याला आम्ही अलर्ट म्हणत नाही; तो नुसता गोंगाट. जिल्हाभरासाठी काढलेला ऑरेंज अलर्ट नेमका कुठल्या वाडीने, कुठल्या उताराने ऐकायचा, हे कुणी ठरवून दिले नसेल तर त्याचेही तेच होते.

हे केरळपुरते नाही. वायनाडच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ ला, पुणे जिल्ह्यातले माळीण गाडले गेले. २०२१ मध्ये महाडजवळचे तळिये, २०२३ मध्ये खालापूरजवळची इर्शाळवाडी. डोंगर एकच, सह्याद्री. आणि त्याचे काय करायचे यावर केंद्र आणि राज्ये दशकाहून जास्त काळ वाद घालत आहेत. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर पश्चिम घाटातले पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवण्यासाठी केंद्राने मसुद्यांवर मसुदे काढले. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडच्या दुसऱ्या दिवशी. त्यात सहा राज्यांतले सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यातले १७,३४० महाराष्ट्रातले. सप्टेंबरमध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवालच नाकारला. महाराष्ट्र आणि गोव्यानेही गावे वगळण्याची मागणी केलेली आहे.

हा केवळ पक्षांचा वाद असता, तर केंद्रात आणि महाराष्ट्रात एकाच पक्षाचे सरकार असताना तो मिटला असता. अशी वर्षे बरीच होऊन गेली. अडते ते दगडखाणीपाशी, बांधकामापाशी. मसुद्यात खाणकाम, दगडखाणी आणि वाळूउपशावर पूर्ण बंदी आहे, मोठ्या बांधकाम प्रकल्पांवरही. शेतकऱ्याची भीतीही खोटी नाही. उद्या घराला खोली वाढवायची तर वन खात्याच्या पाया पडावे लागेल का, असे तो विचारतो. पण मसुद्यात जमिनीची मालकी काढून घेण्याची तरतूद नाही, आणि राहत्या घराच्या दुरुस्तीला मनाई नाही. हे त्याला त्याच्या भाषेत सांगायला ना केंद्राचा माणूस गावात आला, ना राज्याचा. त्याची भीती मात्र खाणवाल्यांच्या कामी आली.

आपण तरुण मंडळी महापूर आला की धावतो. २०२१ ला महाड-चिपळूणला किती टेम्पो गेले, किती पोरांनी घराघरांतला चिखल उपसला, हे आठवून बघा. ते करत राहायलाच हवे. पण मसुदा निघाल्यावर हरकती-सूचनांसाठी साठ दिवस असतात, तेव्हा आपल्यातले किती जण एक ओळ लिहितात?

कोकणात, घाटमाथ्यावर ज्यांची गावे आहेत त्यांनी पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या दरडप्रवण नकाशात आपला उतार कुठल्या वर्गात येतो? रात्री इशारा आला तर गावात तो कुणाच्या फोनवर येतो? आणि लोकांनी जायचे कुठे? शाळा, समाजमंदिर, जमातखाना, जे असेल त्याची किल्ली कुणाकडे आहे हे लिहून ठेवा. मशिदीच्या भोंग्यावरून आणि देवळाच्या घंटेने इशारा द्यायचा हेही आधीच ठरवा. दरड येताना घराघरांतला फरक पाहत नाही.

उत्तरे लेखी मागा. जिल्हाधिकाऱ्यांकडे मागा, आमदारांकडे मागा आणि खासदारांकडेही मागा. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, तर दोघांनाही एकाच सभेला बोलवा. अधिकार कुणाचा हे दिल्ली आणि मुंबईने खुशाल ठरवावे. त्यांचे ठरेपर्यंत पाऊस थांबणार नाही.