मुलासारखी

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोर भिंतीवर एक जुनं मुखपृष्ठ आहे. ‘लाइफ’ मासिक, 14 मे 1965. एक मुलगी चाकं लावलेल्या फळीवर दोन्ही हात टेकून उलटी उभी आहे. अनवाणी पाय वर, आणि फळी धावते आहे. घरी येणारे विचारतात, ही सर्कशीतली का? मग मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

ती पॅटी मॅकगी. तेव्हा 19 वर्षांची. आदल्याच वर्षी, 1964 साली, ती अमेरिकेतली स्केटबोर्डिंगची पहिली महिला राष्ट्रीय विजेती झाली होती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सर्फिंग करणारी मुलंमुली समुद्र शांत असला की रस्त्यावर फळ्या पळवायची, त्यांतलीच ती एक. फळ्या विकणाऱ्या कंपनीनं तिला पैसे देऊन गावोगावी प्रात्यक्षिकांना पाठवलं, जॉनी कार्सनच्या कार्यक्रमात ती टीव्हीवर दिसली. म्हणजे हा खेळ घराघरांत पोचला तेव्हा त्याचा चेहरा मुलीचा होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढं ते साफ विसरलं गेलं.

तेव्हाची चाकं कडक, मातीच्या मिश्रणाची. ती रस्ता धरत नसत. जोरात वळलं की फळी घसरायची, बारीकसा खडा मध्ये आला की ती जागीच थांबायची आणि माणूस पुढं फेकला जायचा. त्यामुळं त्या काळातलं कसब तोलाचं होतं: हातांवर उभं राहणं, गिरक्या घेणं, फळीवर नाचरी पावलं टाकणं. अपघात वाढले, डॉक्टरांनी इशारे दिले, कित्येक शहरांनी बंदी घातली आणि हे वेड वर्ष-दोन वर्षांत ओसरलं.

1970च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीनं युरेथेन या प्लास्टिकची चाकं बाजारात आणली आणि खेळ पुन्हा उठला. ही चाकं जमिनीला चिकटून राहत. आता गुडघे पार मोडून, खाली बसून, हात जमिनीवर टेकवून वळता येऊ लागलं. सँटा मोनिकाच्या झेफिर सर्फ शॉपचा संघ असाच खेळायचा. त्यात बारा जण होते, आणि त्यांत मुलगी एकच: पेगी ओकी.

1975 साली कॅलिफोर्नियातल्याच डेल मारला राष्ट्रीय स्पर्धा झाली. महिलांच्या फ्रीस्टाइलमध्ये पेगी पहिली आली, आणि इतर स्पर्धक मुलींनी तक्रार केली. ही मुलासारखी खेळते, असं त्यांचं म्हणणं.

मुलासारखी! आमच्या वाड्यात विटीदांडू खेळताना हाच शब्द मला शाबासकी म्हणून मिळायचा, आणि मी दिवसभर तरंगत असे. तिथं तो आरोप म्हणून आला. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला त्या मुलींचा संताप आला होता. आता येत नाही. त्यांनी तोल आणि डौल घोटून घोटून कमावला होता, मॅकगीच्या पिढीनं घालून दिलेल्या वाटेवर. चाकं बदलली आणि चांगलं खेळणं म्हणजे काय हेच त्यांच्या पायांखालून सरकलं. त्यांची चिडचीड मला कळते. त्यांचा शब्द मात्र चुकला, असं आजही ठामपणे वाटतं. खाली झुकून हातानं जमीन चाटत जाणं ही मुलांची मालमत्ता नव्हती. झेफिरच्या पोरांनी ती ढब हवाईच्या लॅरी बर्टलमन या सर्फरकडून उचलली होती. पेगी स्वतः सर्फर. लाटेवर जे अंगात भिनलं होतं तेच तिनं डांबरावर केलं.

त्या दशकात मुली कमी नव्हत्या. लॉरा थॉर्नहिलच्या नावाचा बोर्ड दुकानांत विकला जात होता. किम सेस्पिडीस पोहण्याच्या रिकाम्या तलावांच्या भिंतींवर चढत होती. पण दशक संपता संपता विम्याच्या खर्चानं स्केटपार्क एकामागून एक बंद पडले, खेळ घरामागच्या रॅम्पवर आणि मुलांच्या टोळक्यांत गेला, आणि मुलींचे फोटो मासिकांतून दिसेनासे झाले. 1981 साली निघालेल्या ‘थ्रॅशर’ या स्केटबोर्डिंगच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर मुलगी यायला 1989 उजाडलं. ती कारा-बेथ बर्नसाइड. पॅटीच्या त्या मुखपृष्ठाला तोवर 24 वर्षं झाली होती!

स्केटबोर्डिंग हॉल ऑफ फेममध्ये पॅटी 2010 साली गेली. तिथं जाणारी ती पहिली स्त्री. ऑक्टोबर 2024मध्ये, 79व्या वर्षी, ती वारली. त्या आठवड्यात मी भिंतीवरचं चित्र उतरवून काच पुसली, पुन्हा लावलं.

पेगीलाही 2012 साली तो मान मिळाला. तिच्या संघावरच्या 2001च्या माहितीपटात तीही आहे, नाव मात्र ‘डॉगटाउन अँड झी-बॉइज’. कुणी झी-बॉइज म्हटलं की मी ‘आणि पेगी’ असं जोडते. तिचं मन स्पर्धांत फार रमलं नाही. ती चित्रकलेकडे वळली, मारल्या गेलेल्या देवमाशांच्या आठवणीसाठी कागदाचे हजारो देवमासे घडवण्याचं काम तिनं उभं केलं. स्पर्धा सुटल्या. सर्फिंग सुटलं नाही.