हा तिचा क्रूस नव्हे

मिस्सानंतर एखादी बहीण गालावरचा वळ पदराने झाकत येते. आपण सांगतो, ‘सहन कर, हा तुझा क्रूस.’ मीही सांगितले आहे. आज लाज वाटते. येशूने क्रूस आपणहून उचलला. नवऱ्याचा मार कोणी मागून घेत नाही.

शोमरोन्याने जखमा बांधल्या आणि उतारशाळेतही नेले. आपल्या गुजरातेत १८१ फिरवला की ‘अभयम’च्या गाडीतून महिला पोलिसाबरोबर समुपदेशकही येते, २०१५ पासून राज्यभर. मुंबईत १९८४ पासून पोलिसांच्याच आवारात समाजसेविका बसतात. पोलीस मारणाऱ्याला आवरतील. पण आज रात्री राहायचे कुठे, मुलांचे काय, हे तिच्याशेजारी बसून कोणी विचारायचे?

प्रार्थना करूच. येत्या रविवारपासून हा नंबर चर्चच्या दाराशी, बायकांच्या बाजूला लागेल. फादरांनी होकार दिला आहे.