आधी साल विचारा

विंडोज ७ ची डीव्हीडी घातली, भाषा निवडण्याची चौकट पडद्यावर आली आणि तिथेच कीबोर्ड मेला. माउसचा बाणही हलेना. दोन मिनिटांपूर्वी बायोसमध्ये हाच कीबोर्ड बिनतक्रार चालत होता. मग दुसरा कीबोर्ड लावून पाहिला जातो, तिसरा मागवला जातो, मागची-पुढची सगळी यूएसबी पोर्ट तपासून होतात. कुणीतरी माळ्यावरून गोल पिनचा जुना पीएस-टू कीबोर्ड काढून आणतो आणि गाडी एक पाऊल पुढे सरकते. लगेच नवी तक्रार येते, की यूएसबीवर जोडलेल्या डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर मिळत नाही. ज्या ड्राइव्हवरून आत्तापर्यंतचे सगळे वाचले गेले, तोच आता सापडत नाही. एव्हाना दुकानात निदान ठरलेले असते : डीव्हीडी खराब आहे, नाहीतर मदरबोर्ड गेला.

वास्तविक यातले काहीच गेलेले नसते. विंडोज ७ बाजारात आली २००९ च्या ऑक्टोबरात. तिच्या डीव्हीडीवर यूएसबी २ च्या कंट्रोलरचा ड्रायव्हर आहे, यूएसबी ३ चा नाही. पुढे २०१५ मध्ये इंटेलने आपल्या १०० मालिकेच्या चिपसेटमधून तो जुना कंट्रोलरच काढून टाकला. बायोसजवळ स्वतःची सोय असते, म्हणून तिथे कीबोर्ड चालतो. विंडोजने कारभार हाती घेतला, की तिला सगळी यूएसबी पोर्ट अनोळखी. सहा वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या दोघांची ओळख करून द्यायला कुणी नाही, एवढाच काय तो बिघाड.

जुनी प्रणाली नव्या यंत्रावर घालताना येणाऱ्या बऱ्याच अडचणी या जातीच्या असतात. विंडोज एक्सपी २००१ सालची. साटा हार्डडिस्क एएचसीआय पद्धतीने चालवायची तर लागणारा ड्रायव्हर तिच्या सीडीवर नाही. त्यामुळे सेटअप सुरू होतो आणि ‘७बी’ने संपणारा आकडा दाखवत निळ्या पडद्यावर थांबतो. बायोसमध्ये जाऊन साटाची पद्धत एएचसीआयऐवजी आयडीई केली, की तीच सीडी, तीच डिस्क, सारे सुरळीत. ही सोय बायोसमध्ये नसेल, तर सुरुवातीच्या काही सेकंदांत एफ-सिक्स दाबून ड्रायव्हर द्यावा लागतो आणि एक्सपी तो मागते फ्लॉपीवरून. फ्लॉपी ड्राइव्ह आणायचा कुठून? म्हणून लोक ड्रायव्हर आधीच मिसळलेली सीडी तयार करून घेतात.

त्याहून मागे गेले तर प्रकरण गमतीचे होते. विंडोज ९८ ला ५१२ एमबीपेक्षा जास्त रॅम दिली, तर ती ‘मेमरी अपुरी आहे’ असे सांगून सुरू व्हायचे नाकारू शकते. रॅम जितकी जास्त, तितकी मोठी जागा ती डिस्कच्या कॅशसाठी राखते आणि त्या नादात स्वतःसाठीच पत्ते उरत नाहीत. उपाय म्हणजे सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलमध्ये कॅशला मर्यादा घालणे किंवा चक्क रॅमची एक पट्टी काढून ठेवणे. विंडोज ९५ तर एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झ आणि त्यापुढच्या काही प्रोसेसरवर अडखळे. वेळ मोजण्यासाठी तिच्यात जो फेरा ठेवला होता, तो प्रोसेसर इतक्या झटक्यात संपवी की पुढचा भागाकारच फसे. यंत्र जास्त चांगले असल्यामुळे काम अडते, हे ग्राहकाला समजावताना दुरुस्तीवाल्याची काय अवस्था होत असेल!

म्हणून अशा वेळी स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी कागद घ्यावा. प्रणाली कोणत्या सालची, तिचा कोणता सर्व्हिस पॅक हाताशी आहे, चिपसेट कधीचा, डिस्क किती मोठी आणि कोणत्या जातीची, हे लिहून काढले की निम्मे निदान कागदावरच होते. मूळ एक्सपी १३७ जीबीच्या पुढची डिस्क पूर्ण ओळखत नाही, पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर ओळखते. जुन्या पद्धतीच्या विभागणीत दोन टीबीपलीकडे जाता येत नाही. यूईएफआय असलेल्या आणि जुन्या बायोसची नक्कल बंद केलेल्या यंत्रावर ३२ बिटची विंडोज ७ सुरूच होत नाही. या साऱ्या सालांनी घातलेल्या मर्यादा आहेत, त्यांना बिघाड म्हणता येणार नाही.

पण सगळे खापर वयाच्या अंतरावर फोडणेही चूक. जुने यंत्र खरोखरच आजारी असू शकते. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले असतात, बायोसची बटणाएवढी बॅटरी संपल्याने प्रत्येक वेळी सेटिंग पुसले जाते, रॅमच्या सोनेरी दातांवर मळ चढलेला असतो. रॅम काढून खोडरबराने घासून परत बसवणे हा आपल्याकडचा घरगुती उपाय चेष्टेचा विषय असला, तरी अनेकदा लागू पडतो. दोन प्रकारांत फरक ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे. सेटअप दर वेळी त्याच पायरीवर, तोच आकडा दाखवून थांबत असेल, तर ड्रायव्हर किंवा सेटिंगचा संशय घ्यावा. दर वेळी वेगळ्याच फाइलवर अडत असेल, तर रॅम, केबल किंवा वीजपुरवठा तपासावा. आणि दर वेळी तीच एक फाइल कॉपी होत नसेल, तर सीडी उजेडात धरून ओरखडा शोधावा. रॅमची एकच पट्टी, एकच डिस्क, जास्तीची कार्डे बाहेर, अशा किमान सामानावर सेटअप पार पाडून मग एकेक वस्तू परत जोडावी. वेळखाऊ वाटते, पण दोष नेमका कुठे आहे ते याच वाटेने कळते.

एवढी खटपट जमली, तरी मूळ प्रश्न उरतो : ती करावी का?

करावी म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. मराठी छपाईच्या धंद्याकडे पाहिले तरी ती पटते. युनिकोड रुळण्यापूर्वी बराचसा मराठी मजकूर संगणकात ज्या रीतीने साठवला गेला, ती रीत म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फॉन्ट. तो नेमका फॉन्ट नसेल, तर फाइल उघडल्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. पाने जुळवली जात पेजमेकरमध्ये. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. त्यात काही मराठी पॅकेजे डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय चालत नसत आणि जुने डोंगल प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर बसत. दिवाळी अंक, स्मरणिका, गावच्या शाळेचा शताब्दी ग्रंथ अशा कितीतरी गोष्टींची मूळ फाइल आज या साखळीच्या दुसऱ्या टोकाला अडकून आहे. फॉन्ट, पेजमेकर, डोंगल, पोर्ट आणि एक्सपी किंवा ९८, यातली एक कडी तुटली की मजकूर डोळ्यांसमोर असून वाचता येत नाही.

कारखान्यात आणि प्रयोगशाळेत हाच पेच आणखी महागडा असतो. यंत्र उत्तम चालते आहे, पण त्याला हुकूम देणारे कार्ड जुन्या जातीच्या खाचेत बसते आणि त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पुढे कुणी लिहिलेला नाही. संगणकाची डिस्क गेली म्हणून आख्खे यंत्र मोडीत काढा, हा सल्ला ज्याचे पैसे अडकलेले नाहीत तोच देऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा विचारही याच बाजूला वजन टाकतो. देशात १ एप्रिल २०२३ पासून त्याचे नवे नियम लागू आहेत. तरी कचरा होऊच न देणे हे त्याची नीट विल्हेवाट लावण्यापेक्षा केव्हाही बरे.

आता दुसरी बाजू. एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. त्यानंतर सापडलेली भोके सहसा तशीच उघडी राहतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती काढली. जुन्याचे समर्थक म्हणतात, बघा, गरज पडली तर कंपनी धावून येते. आम्हाला त्यातून उलटाच अर्थ दिसतो. आग लागल्यावर आलेला बंब पाहून घराला कुलूप लावायचे सोडू नये.

शिवाय धोका फक्त व्हायरसचा नाही. ‘ड्रायव्हर घातलेली तयार एक्सपी’ म्हणून जी सीडी हातोहाती फिरते, तिच्यात आणखी काय घातले आहे हे कोण पाहणार? एक्सपीबरोबर येणारा ब्राउझर आजच्या बहुतेक सुरक्षित संकेतस्थळांना लायक नाही, म्हणजे ड्रायव्हर शोधायलाही दुसरा संगणक लागतोच. आणि सगळ्यात मोठे नुकसान या खटपटीतच होते. घाईत कुणीतरी ‘फॉरमॅट मारतो’ आणि ज्या फाइलींसाठी हा उपद्व्याप मांडला होता, त्याच पुसल्या जातात. मूळ डिस्क काढून बाजूला ठेवल्याशिवाय आणि तिची प्रत घेतल्याशिवाय सेटअपला हात लावू नये, हा नियम इतर सगळ्या युक्त्यांपेक्षा मोठा. बायोसमधल्या सेटिंगचेही तसेच. आधीपासून नवी विंडोज असलेल्या डिस्कवर एएचसीआयचे आयडीई केले, तर ती चालती विंडोजही उठायची थांबू शकते. बदलण्यापूर्वी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला काही लागत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर आजच्या संगणकाच्या पोटात एक खोटा जुना संगणक उभा करते. त्यातला आयडीई कंट्रोलर इंटेलच्या नव्वदच्या दशकातल्या चिपची नक्कल असतो आणि नेटवर्क कार्डही एक्सपी ओळखेल असे निवडता येते. म्हणजे ज्या वयाच्या अंतरापायी सगळी अडचण होते, ते अंतरच इथे मिटते. निळा पडदा नाही, फ्लॉपी नाही. फसले तर त्या खोट्या संगणकाची फाइल पुसून पुन्हा सुरुवात. मात्र खोटा संगणक खऱ्या तारांपुढे लंगडा पडतो. यूएसबीची वस्तू बहुधा आत नेता येते. पॅरलल पोर्टवरचा डोंगल किंवा खाचेतले कार्ड आत नेणे फार अवघड, कित्येकदा अशक्य.

लिनक्सचा पर्याय जुने यंत्र वापरात ठेवण्यासाठी चांगला आहे, जुने काम उघडण्यासाठी नाही. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. आणि लिनक्सही म्हाताऱ्यांना कायम सांभाळेल असे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्स आवृत्तीने ३२ बिटच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. तिथेही साल विचारावेच लागते.

तेव्हा आमचा कौल असा. नेमके काय वाचवायचे आहे, हे आधी ठरवावे. फाइली वाचवायच्या असतील, तर जुनी प्रणाली व्हर्च्युअल यंत्रात घालावी, मजकूर बाहेर काढावा, युनिकोडमध्ये आणि पीडीएफमध्ये बदलून घ्यावा आणि ते दार बंद करावे. यंत्राला जोडलेले एखादे उपकरण वाचवायचे असेल, तर जुन्या प्रणालीला नव्या मदरबोर्डवर कोंबण्याचा हट्ट सोडून तिच्याच वयाचा संगणक शोधावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तो अजून मिळू शकतो. त्याला नेटवर्कची तार जोडू नये, बाहेरून येणारा पेनड्राइव्ह आधी तपासावा आणि डिस्कची आख्खी प्रत कपाटात ठेवावी. हा संगणक उरला नसून यंत्राचा एक सुटा भाग झाला आहे, असे समजून वागावे. आणि वाचवायची असेल फक्त सवय, ते हिरवे स्टार्ट बटण आणि हाताला बसलेले मेनू, तर एवढ्यासाठी बँकेचे व्यवहार करणारा संगणक एक्सपीवर ठेवणे आम्हाला समर्थनीय वाटत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. लहान छापखान्याच्या मालकाला फाइली बदलून घ्यायला वेळ आणि पैसा दोन्ही नसतात. आहे ते चालते आहे, तोवर चालू द्यावे असे त्याला वाटते आणि रोजच्या हिशेबात ते बरोबरही असते. पण हा खर्च टळत नाही, पुढे ढकलला जातो. कपॅसिटर फुगत राहतात, डोंगलच्या पिना वाकतात, तो डोंगल कसा लावायचा हे ठाऊक असलेला ऑपरेटर निवृत्त होतो. आज दोन दिवसांत होणारे काम पाच वर्षांनी होईलच याची खात्री नाही. म्हणून सगळ्या फाइली एकदम नव्हे, तर पुन्हा छापल्या जाणाऱ्या आणि दुसरीकडे कुठेच नसलेल्या अशा निवडक फाइलींपासून सुरुवात करावी.

ही चर्चा गतकाळाची वाटत असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आठवावी. त्या दिवशी विंडोज १० चा नियमित आधार संपला. टीपीएम २ ही सुरक्षा चिप नाही म्हणून विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी संगणक आज टेबलांवर धडधाकट चालत आहेत. काही वर्षांनी त्यातल्याच एखाद्यासाठी कुणीतरी विंडोज १० ची सेटअप फाइल शोधत बसेल. त्याला लागणारे ड्रायव्हर, परवान्याची अक्षरे, मदरबोर्डचे नाव आणि साल आजच एका पेनड्राइव्हवर आणि एका कागदावर उतरवून त्या संगणकाच्या पेटीत टाकता येईल. अर्ध्या तासाचे काम आहे. एक्सपीच्या वेळी ते कुणी केले असते, तर माळ्यावर चढायची वेळ पुष्कळांवर आली नसती.