उंब्रजला हायवे सोडला की ईव्हीचा हिशोब बदलतो

इलेक्ट्रिक गाडी घेऊन पुण्याहून कोल्हापूरला जायचं असेल तर आता फार डोकं लावायची गरज उरलेली नाही. सातारा, कराड, कोल्हापूर या पट्ट्यात हॉटेलांच्या आवारात आणि पेट्रोल पंपांवर फास्ट चार्जर मिळतात. एक बंद असला तर पुढचा गाठता येतो. खरा प्रश्न उंब्रजला हायवे सोडून उजवीकडे वळल्यावर सुरू होतो. चरेगाव, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. उंब्रजपासून चिपळूण शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. नकाशावर किरकोळ वाटतं. पण चार्जिंगच्या अॅपमध्ये हाच रस्ता उघडून बघा, हायवेवर दाटीवाटीने दिसणाऱ्या पिना इथे एकदम विरळ होतात.

मी या रस्त्याबद्दल लिहितोय याचं कारण साधं आहे. पाटण खोऱ्यातली निम्मी घरं मुंबईत आहेत. माथाडी कामगारांच्या पिढीपासून कोपरखैरणे, घणसोली, घाटकोपर आणि गाव असा हा प्रवास चालू आहे. गणपती, यात्रा, लग्नं, कुणाचं दहावं-तेरावं, सगळ्याला गावाला यावंच लागतं. आता त्या घरांमधली तरुण पोरं पहिली गाडी घेताना ईव्हीचा विचार करतात आणि घरातून पहिला प्रश्न येतो तो एकच: "गावाला जाईल का?" शोरूममधला माणूस "आरामात जाईल" म्हणतो. माझं उत्तर "जाईल, पण हिशोब येत असेल तर" असं आहे.

आधी सरकारी कागद बघू. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २० किलोमीटरला चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात हे अंतर २५ किलोमीटर आहे. आता गंमत बघा. कराड-पाटण-चिपळूण हा रस्ता काही साधा जिल्हा मार्ग नाही, तो गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक १६६ई. म्हणजे कागदावरचा नियम त्यालाही लागू होतो. पण चार्जर नियमाने उभा राहत नाही, गिऱ्हाईक असेल तिथे उभा राहतो. फास्ट चार्जर बसवायचा म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जागा, मशीन असा मोठा खर्च. दिवसाला दोन-तीन गाड्या येणार असतील तर कोण टाकेल तिथे पैसे?

पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत, पण त्यातही जास्त वाहतुकीच्या मार्गांवर भर आहे. राज्याने टोलमाफी दिली ती अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. मुंबईहून गावी येणाऱ्याचा द्रुतगती मार्गावरचा टोल वाचतो, हे चांगलंच आहे. पण आनेवाडी आणि तासवडेचे नाके या तिघांत येत नाहीत, आणि त्या वाचलेल्या पैशाने मल्हारपेठच्या पुढे चार्जर उगवत नाही. जिथे आधीच सोय आहे तिथे सवलत आणि जिथे अडचण आहे तिथे फक्त नियम, असं हे चित्र आहे. निदान मला तरी ते तसंच दिसतं.

स्क्रीनवरची रेंज घाटात फसवते

किलोमीटर विसरा, युनिट मोजा. बॅटरी म्हणजे टाकी आणि युनिट म्हणजे लिटर, एवढं डोक्यात पक्कं बसवा. समजा तुमच्याकडे ३० युनिटच्या बॅटरीची गाडी आहे. बेताने चालवली तर सपाट रस्त्यावर एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते असं धरू. उंब्रजहून ९० टक्क्यांवर निघालात, म्हणजे हातात २७ युनिट.

उंब्रज ते चिपळूण ९५ किलोमीटर धरले तर सपाटीच्या हिशोबाने साडेतेरा युनिट लागतात. पण पाटण-कोयनानगरपर्यंत तुम्ही सह्याद्रीच्या माथ्यावरच असता आणि कुंभार्ली घाटात गाडी सहाशे मीटरच्या आसपास खाली उतरते. उतारावर मोटर उलटी चालून बॅटरीत वीज परत भरते, यालाच रिजेन म्हणतात. त्यातून दीड-दोन युनिट परत मिळतात. म्हणजे जाताना खर्च बारा युनिटच्या घरात. चिपळूणला पोचल्यावर १५ युनिट शिल्लक, स्क्रीनवर बरोबर निम्मी बॅटरी. एवढा प्रवास झाला आणि अजून निम्मी बाकी! माणूस खूश होतो.

इथेच गडबड होते. गाडीच्या स्क्रीनवरची रेंज ही भविष्यवाणी नसते, ती मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून काढलेली सरासरी असते. नुकताच घाट उतरला असल्यामुळे सरासरी भारी दिसते आणि गाडी सांगते, अजून १२० किलोमीटर जाईन. घर ९५ किलोमीटरवर. निघालात तसेच परत, तर काय होईल?

तोच घाट आता चढायचा आहे. गाडी आणि माणसं मिळून १,७०० किलो वजन सहाशे मीटर वर न्यायला पावणेतीन युनिट ऊर्जा लागते, हे शाळेतलंच सूत्र आहे. मोटर आणि गिअरमधली गळती धरून तीन युनिटांच्या वर. म्हणजे परतीचा खर्च साडेसोळा-सतरा युनिट. तुमच्याकडे आहेत पंधरा. तीन घाटात गेले, उरले बारा, त्यात ८४ किलोमीटर. गाडी मल्हारपेठ आणि उंब्रजच्या मधे कुठेतरी थांबणार, तीही रात्री, टोइंगवाल्याची वाट बघत. वर एसी, पाऊस, पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं असेल तर त्याच्याही आधी.

उपाय अवघड नाही. चिपळूण मुंबई-गोवा महामार्गावर आहे, तिथे चार्जिंगची सोय होते. परतीला निघताना किमान २२-२३ युनिट हातात पाहिजेत, म्हणजे अशा गाडीत ७५ टक्क्यांच्या वर. एक वडापाव आणि चहा होईपर्यंत फास्ट चार्जर तेवढं भरून देतो. फक्त आधी गाडी तपासा. एमजी कॉमेटसारख्या छोट्या गाडीला डीसी फास्ट चार्जिंगची सोयच नाही. तिला भरायला काही तास धरावे लागतात.

उलटी अडचणही आहे. कोयनानगरला मुक्काम केला, रात्रभर गाडी लावून १०० टक्के भरली आणि सकाळी थेट घाट उतरायला लागलात, तर भरलेल्या बॅटरीत परत वीज घालायला जागाच नसते. रिजेन जवळजवळ बंद राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. माथ्यावर राहणार असाल तर ९० टक्क्यांवर थांबवलेलं बरं.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा. शिवसागर जलाशयाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात आणि ते सह्याद्रीच्या खाली, पोफळीच्या बाजूला पडतं. साडेचारशे मीटरहून जास्त उंचीवरून एक हजार लिटर पाणी पडलं की साधारण एक युनिट वीज होते. म्हणजे पाणी ज्या उंचीवरून पडून महाराष्ट्राला वीज देतं, जवळपास तीच उंची तुमची गाडी घाटात चढत असते. वरच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतायत, खाली डोंगराच्या पोटात जनित्रं आहेत, आणि मधल्या रस्त्यावर गाडी लावायला सॉकेट शोधायचं!

अॅप, नेटवर्क आणि बंद मशीन

अॅपमध्ये पिन दिसली म्हणजे चार्जर चालू आहे असं समजू नका. बघायचं ते शेवटचं चार्जिंग कधी झालं. प्लगशेअरवर लोक चेक-इन करतात, फोटो टाकतात. आठवड्याच्या आत कुणीतरी यशस्वी चार्जिंग केलेलं असेल तर विश्वास ठेवा. चार महिन्यांपूर्वीची नोंद असेल तर तो चार्जर तुमच्या हिशोबात नाहीच असं धरा. निघण्याआधी त्या हॉटेलला फोन करून "मशीन चालू आहे का, लाईट आहे का" विचारा. हे फार जुन्या पद्धतीचं वाटेल, पण कुठल्याही अॅपपेक्षा खात्रीचं आहे.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. चार्जिंग मशीनमध्येही सिमकार्ड असतं. तुम्ही क्यूआर स्कॅन केला की तुमचा फोन कंपनीच्या सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर मशीनला "सुरू कर" सांगतो. म्हणजे नेटवर्क दोघांनाही पाहिजे. कोयनेच्या खोऱ्यात आणि घाटात रेंज कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून दोन-तीन कंपन्यांची अॅप घरूनच टाकून ठेवा, ओटीपीने लॉगिन करा आणि वॉलेटमध्ये दोन-तीनशे रुपये ठेवा. ज्या कंपन्या टॅप करायचं कार्ड देतात त्यांचं कार्ड खिशात असू द्या. ऑफलाइन नकाशा डाऊनलोड करा.

सगळ्या कंपन्यांसाठी एकच अॅप करण्याची चर्चा केंद्राने मे २०२५ मध्ये पुढे आणली, ते काम भेलकडे द्यायचा विचार त्यात होता. ते आलं तर मोठा त्रास वाचेल. पण बंद मशीन एका अॅपमध्ये दिसलं काय आणि पाच अॅपमध्ये दिसलं काय, बंदच राहणार. सरकारने अनुदान मशीन बसवल्यावर द्यायच्या ऐवजी ते वर्षभर किती तास चालू राहिलं यावर द्यावं असं मला वाटतं.

सातारा ते कागल सहापदरीकरणाचं कामही लक्षात घ्या. चार्जर अॅपमध्ये समोर दिसतो, पण तो दुसऱ्या बाजूच्या सर्व्हिस रोडवर असतो आणि वळसा पुढच्या बोगद्यापासून. 'दोन्ही बाजूंना' हे दोन शब्द नियमात का आहेत ते अशा वेळी कळतं.

गावच्या घरातलं सॉकेट

शेवटी बहुतेकांची गाडी गावातच भरली जाणार आहे, फास्ट चार्जरवर नाही. गाडीबरोबर मिळणारा पोर्टेबल चार्जर १५-१६ अँपिअरच्या सॉकेटला लावला की तासाला अडीच-तीन युनिट मिळतात. रात्री नऊला लावून सकाळी सातला काढला तर पंचवीसेक युनिट. दोन दिवस मुक्काम असेल तर काहीच काळजी नाही.

फक्त अर्थिंग! जुन्या कौलारू घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या पिनेच्या मागे तारच नसते. मिक्सर चालतो, टीव्ही चालतो, गाडीचा चार्जर मात्र लाल दिवा दाखवून बसतो. तो बिघडलेला नसतो, तुमचा जीव वाचवत असतो. त्याला फसवायचे जुगाड यूट्यूबवर बरेच आहेत, ते करू नका. ओल्या अंगणात उभ्या गाडीला हात लावणारं घरातलं लहान पोर असतं. गावातल्या वायरमनला बोलवून खड्डा घेऊन नीट अर्थिंग करून घ्या आणि त्या सॉकेटला मीटरपासून वेगळी जाड वायर ओढा. पातळ वायरवर दहा तास १५ अँपिअर ओढले की बोर्ड वितळतो. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा चार्जर आपोआप थांबतो, म्हणून झोपायच्या आधी एकदा बघून घ्या.

आणि पैसे द्या. मामा-काका मागणार नाहीत. पण घरगुती बिलात शंभर युनिटच्या पुढे दर चढतो, आणि तुम्ही दोन रात्रींत पन्नास युनिट ओढलेले असतात. आजीच्या नावावरच्या मीटरचं बिल अचानक वाढलं की महिनाभर घरात तोच विषय असतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा दिवसांत घाट बंद होतो आणि लाईटही जाते. तेव्हा 'चिपळूणला पोचल्यावर भरू' हा बेत चालत नाही. जून ते सप्टेंबर मी एकच नियम पाळतो: कोयनानगरला असताना बॅटरीत मागे फिरून कराडपर्यंत जाण्याएवढं चार्ज हवंच. साठ किलोमीटरच्या आसपासचं अंतर आहे, म्हणजे नऊ-दहा युनिट आणि वर चार राखीव. तेवढं नसेल तर घाट उतरायचा नाही, मग पलीकडचा चार्जर अॅपमध्ये कितीही हिरवा दिसू दे.

या रस्त्याला दहा मोठ्या फास्ट चार्जरची गरज नाही. पाटणच्या एसटी स्टँडवर एक, कोयनानगरला एक, आणि मधल्या गावांतल्या हॉटेलांत, लॉजवर नीट अर्थिंगचे साधे १६ अँपिअरचे पॉइंट, एवढ्याने चित्र बदलेल. सार्वजनिक चार्जिंग स्टेशन टाकायला २०१८ पासून वीज वितरणाचा परवाना लागत नाही, हे कित्येक हॉटेलवाल्यांना ठाऊकच नाही. मुक्कामाच्या खोलीबरोबर 'ईव्ही चार्जिंग मिळेल' एवढी पाटी लावली आणि युनिटला ठरलेला दर घेतला तरी त्याचा सब-मीटरचा खर्च एका हंगामात निघेल. सार्वजनिक फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या आसपास मोजणारा माणूस त्याला पंधरा रुपये आनंदाने देईल.

येत्या गणपतीला गावी निघणार असाल तर आणखी एक बघा. मुंबईहून उंब्रज तीनशे किलोमीटरच्या घरात, त्यामुळे वाटेत एकदा तरी भरावं लागणारच, आणि त्या दोन दिवसांत हायवेच्या प्रत्येक चार्जरवर रांग असेल. साताऱ्याच्या अलीकडे, पोटात भूक नसताना आणि बॅटरीत ४० टक्के असतानाच भरून घ्या. उंब्रजला वळताना ८० टक्के हवेत, कारण तिथून पुढे रांग लावायलाही चार्जर मोजकेच आहेत.