दोष बंबाचा नव्हे, सरपणाचा!

कोथरूडच्या जुन्या घरांत बंबाचं पाणी तापेना, की बायका ओल्या लाकडांच्या नावाने खडे फोडायच्या, बंबाच्या नाही. आणि आमचे अमेरिकेतले नातेवाईक? कॅटॅलिटिक शेगडी तापत नाही म्हणून थेट नवा कॅटॅलिस्ट मागवतात!

अहो, तो धूर जाळतो, पण साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल असेल, तर धग पाणी आटवण्यातच संपते. न जळलेला धूर धुराड्यात चिकटतो आणि एखाद्या दिवशी धुराडंच पेटतं. तेव्हा आधी सरपण वर्षभर सुकवा, काजळी काढा, शेगडी नीट तापल्यावरच बायपास बंद करा. एवढं करूनही तापली नाही, तर खुशाल कॅटॅलिस्टला नावं ठेवा. ओल्या लाकडावर डॉलर ओतून ते सुकत नाही, मंडळी!