विशेष म्हणजे नेमकं काय?

'युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून निवडलं' हे ढकलपत्र आठवतं का? २००८ च्या सुमारास ते सगळ्यांच्या ईमेलमध्ये येऊन पडत होतं. आपण असं काहीही जाहीर केलेलं नाही, असं युनेस्कोने सांगितलं, तरी ते थांबलं नाही. ईमेलमधून उठून व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, इतकंच. मला त्यातल्या खोटेपणापेक्षा त्यामागची भूक जास्त खटकते. 'जन गण मन' म्हणताना अंगावर काटा येतो, एवढं पुरत नाही का? त्यावर पॅरिसचा शिक्का कशाला हवा?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा मलाही आनंद झाला. उगाच साधूचा आव कशाला आणू! अभ्यासाला पैसा मिळणार असेल तर तो हवाच. पण त्याच दिवशी पाली, प्राकृत, बंगाली आणि असमिया यांनाही तो दर्जा मिळाला आणि यादी अकरावर गेली. त्यावर एक ओळखीचे गृहस्थ हिरमुसून म्हणाले, "मग त्यात विशेष ते काय राहिलं?" म्हणजे आपल्याला मिळण्याइतकंच दुसऱ्याला न मिळणंही महत्त्वाचं होतं तर.

या दर्जासाठी जे पुरावे मांडले गेले, त्यात जुन्नरजवळच्या नाणेघाटातला शिलालेखही होता. त्यात 'महारठी' हा शब्द येतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा सातवाहनांचा लेख, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. मजकूर म्हणाल तर चक्क बढाई आहे: राजघराण्याने कोणकोणते यज्ञ केले, त्यात किती गायी, किती हत्ती, किती कार्षापण दक्षिणा दिली. आम्ही किती विशेष, हे घाट चढून येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला कळावं अशी सोय.

आज त्या गायींचं कुणाला काय? जगभरचे अभ्यासक या लेखाकडे वळतात त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यातले आकडे. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते वाचले. आज सगळं जग ज्या अंकांनी हिशेब करतं, त्यांचे पूर्वज तिथे भिंतीवर आहेत. (शून्य मात्र तिथे नाही, ते पुढचं.) पुढे हे अंक अरबांकडून युरोपात गेले आणि तिथे 'अरबी' म्हणवले गेले. त्याने त्यांचं काय बिघडलं? कोरणाऱ्याच्या लेखी ते रोजचे, साधे आकडे होते. ज्याचा डंका पिटायचा होता ते मागे पडलं, आणि ज्यात मिरवण्यासारखं काही आहे असं वाटलंही नसेल, ते सगळ्यांचं झालं.

माणसांचंही बहुधा असंच असतं. कुणी गेल्यावर भेटायला येणारे शाली-श्रीफळांबद्दल क्वचितच बोलतात. "त्यांच्याकडे कधीही जावं, चहा व्हायचाच," असलं काहीतरी निघतं.

असो. नाणेघाटात पावसाळ्यातल्या रविवारी तुफान गर्दी असते. उलट्या धबधब्यासमोर फोटो निघतात, घोषणा होतात. काहीजण गुहेतही डोकावतात. भिंतीवरचं वाचता येणारा मात्र त्यांत एखादाच.