जयंतीची घाई कशासाठी?

फेब्रुवारी सरतो न सरतो तोच वस्त्यावस्त्यांतून जयंतीची पावतीपुस्तके बाहेर पडतात. मार्चमध्ये चौकाचौकात फ्लेक्स लागतात. बाबासाहेब कोपऱ्यात आणि निवडणुकीतले इच्छुक मधोमध! एप्रिल उजाडला की रोज संध्याकाळी विहारासमोर स्पीकर सुरू. १४ एप्रिलला अजून दोन आठवडे असतात. पण वस्तीची झोप आधीच उडालेली असते.

जयंती हा आमच्या अस्मितेचा सण आहे. १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली, तेव्हापासूनचा हा वारसा आहे. आमच्या मिरवणुकीकडे बोट दाखवणारे गणपतीचे दहा दिवस कानात बोळे घालून बसतात, हेही आम्ही जाणतो. त्यांना खूश करण्यासाठी हे लिहीत नाही. हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

मार्च-एप्रिल हा परीक्षांचा काळ. दहा बाय दहाच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली मुलगी कोणाची? आपलीच. तिच्या भिंती हादरवून आपण कोणाचा जयजयकार करतो? लंडनच्या ग्रंथालयात अर्धपोटी राहून वाचत बसणाऱ्या विद्यार्थ्याचा!

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मार्च हा सरकारी तिजोरीच्या हिशेबाचा महिना. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जाती सुमारे ११.८ टक्के आहेत आणि त्या प्रमाणात निधी ठेवायचा, हे धोरण आहे. प्रत्यक्षात काय होते? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवले गेले. खुद्द खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. कर्नाटक आणि आंध्र प्रदेशाने २०१३ सालीच अशा निधीच्या संरक्षणासाठी कायदा केला. आपण इथे किती मोर्चे काढले? वर्गणीचा हिशेब मागताना हमरीतुमरीवर येणारे आम्ही, कोट्यवधींचा हिशेब मागताना गप्प का?

याच मार्चमध्ये २० तारीख येते. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तो दिवस. महाडला जाणारे जातात. पण वस्तीत मात्र डीजेची सुपारी ठरवण्याच्या धावपळीत तो दिवस कधी गेला, हे कळतही नाही.

बांधवांनो, लवकर सुरुवात करायचीच असेल तर जरूर करा. फेब्रुवारीत विहारात अभ्यासिका सुरू करा. मार्चमध्ये समाजकल्याण कार्यालयात जाऊन अडलेल्या शिष्यवृत्त्यांची यादी मागा. २० मार्चला तरुणांना महाडचा इतिहास सांगा. ११ एप्रिलला जोतीरावांना अभिवादन करा. आणि १४ एप्रिलला अशी मिरवणूक काढा, की पाहणाऱ्याने म्हणावे, हा जागा झालेला समाज आहे.

जयंती एक दिवसाची असली तरी चालेल. चळवळ मात्र बारा महिने हवी. जयभीम!